शेवटचं झाकण

सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात ती पाणी तपासायची, नवरा पंप सांभाळायचा. रोज दुपारी तो शेवटच्या टाकीजवळचं झाकण उघडून आत वाकायचा. खाली फक्त समुद्रात पाणी सोडणारा पाइप होता. तरी तो लाजून हसायचा. तिच्याकडे पाहून असा कधी हसला होता?

"कुणाशी गुलुगुलू चालतं हो?" तिने विचारलंच.

"पाण्याचा आवाज ऐकतो. काहीतरीच तुझं!"

तिचा नुसता जळफळाट झाला. आज त्याला पंपघरात जेवायला बसवून ती हात धुवायच्या निमित्ताने उठली, तरातरा जाऊन झाकण सरकवलं आणि आत ओरडली, "कोण गं तू, सटवे?"

खालून नवऱ्याचाच लाडिक आवाज आला, "हळू बोल गं. ती जेवतेय."

तिने गर्रकन मागे पाहिलं. पंपघराच्या खिडकीत नवऱ्यासमोर ती स्वतःच बसून डबा खात होती, आणि तो तिच्याकडे पाहून लाजून हसत होता.