व्हॅनला भरलेली बांगडी

पहिलं सील फाटलं तेव्हा आश्रुबाने ते बनवणाऱ्याला शिव्या घातल्या. दुसरं त्याने मुठीत घट्ट आवळून धरलं. तिसरं नव्हतं.

अंगणात पोत्यावर त्याच्या जुन्या व्हॅनचा स्टिअरिंग रॅक उघडा पडला होता. महिनाभर त्यातून तेल गळत होतं आणि स्टिअरिंग जात्यासारखं जड झालं होतं. परभणीच्या मेकॅनिकने अख्खा रॅक बदलायला सांगितला. एवढ्या जुन्या गाडीचा रॅक मिळतो कुठे? मग साठीतल्या या गड्याने गाडीखाली शिरून तो स्वतः खोलला, एकेक भाग डिझेलने धुतला आणि कशानंतर काय बसतं ते खडूने आकडे टाकून ओळीने मांडून ठेवलं. हिकमती माणूस, पण भलताच उतावळा.

आता पोलादी दांड्यावरून रबरी सील सरकवायचं तेवढं उरलं होतं. दांड्याच्या एका बाजूला करवतीसारखे दाते. त्यांच्यावरून जाताना सीलची आतली कड जरा जरी कापली तरी तेल पुन्हा गळणार. आणि आज दिवस मावळेपर्यंत गाडी चालली नाही तर उद्या ती भंगारवाल्याला द्यायची, असा शब्द तो रागाच्या भरात जावयाला देऊन बसला होता.

गाडी गेली की बायकोचा धंदा गेला. नर्मदाबाई कासारीण. पंचवीस वर्षं याच व्हॅनमधून बांगड्यांच्या पेट्या घेऊन ती बोरी, झरी, पार राणीसावरगावपर्यंत फिरत होती. ती घरी बसलेली आश्रुबाला कल्पनेतसुद्धा बघवत नव्हती.

ओट्यावर बांगड्यांचे जोड लावता लावता ती मघापासून त्याच्याकडे बघत होती.

"आवो, किती आवळून धरलाव! गिऱ्हाइकानं असा हात आवळला तर बांगडी जाती का?"

"ही बांगडी न्हाई, नर्मदे. मशीन हाय."

"आसू द्या की. सरका तिकडं."

तिने दात्यांवरून अंगठा फिरवला, एखाद्या बाईच्या पंजाचं हाड चाचपावं तसा. मग पेटीतून पातळ प्लास्टिकची पिशवी काढली. शेतात राबून पंजे रुंद झालेल्या बायांच्या हातावर ती हीच पिशवी चढवायची आणि तिच्यावरून बांगडी सरकवायची. पिशवी तिने दात्यांवर एकही चुणी न पडू देता गुंडाळली, वरून तेल चोळलं आणि सील टोकावर टेकवलं. आश्रुबाने श्वास रोखून दांडा धरला.

"पोरीचा फोन आलता सकाळी," ती सहज म्हणाली.

"काय म्हणली?"

"जावई लय शहाणपण शिकवायलाय म्हणली तुमाला."

"शिकवायलाय म्हंजे? त्याला साधं चाक तरी बदलता येतंय का? गेल्या दिवाळीला माझ्या म्होरं..."

"झालं," नर्मदाबाई म्हणाली.

सील दात्यांच्या पलीकडे बसलं होतं. तिने खालून पिशवी हळूच ओढून काढली. आश्रुबाने बॅटरी पेटवून आतली कड चारचारदा पाहिली. कुठे ओरखडासुद्धा नव्हता. कळवळून हात मागे घेणाऱ्या बायांना ही असंच बोलण्यात गुंतवते, हे त्याने ड्रायव्हरच्या सीटवरून हजारदा पाहिलं होतं, आणि तरी आज तो स्वतः गुंतला होता.

दिवस कलता कलता रॅक गाडीखाली चढला, तेल भरलं, गाडी सुरू झाली. आश्रुबाने स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. एका बोटाने फिरत होतं. नर्मदाबाईने वाकून खाली पाहिलं. "कोरडं हाय," ती म्हणाली.

आश्रुबा उतरला. बांगड्या भरून झाल्या की बाई, मग ती कितीही मोठ्या घरची असो, कासारणीला वाकून नमस्कार करते. त्याने धोतराला हात पुसले आणि भर अंगणात बायकोपुढे वाकला.

गडबडीत, जन्माच्या सवयीने, नर्मदाबाईच्या तोंडून सवाशिणीला नवऱ्याच्या आयुष्यासाठी देतात तोच आशीर्वाद निघून गेला, "जन्मसावित्री हो!"

तिने पदर तोंडाला लावला. शेजारच्या अंगणातही कुणी तरी खदखदून हसलं.

आश्रुबा हसला नाही.

"तसंच व्हऊ दे," तो म्हणाला.