समोरचं दार

"इथून नाही जाता येणार. तुमचं दार मागे आहे," सिक्युरिटीवाला म्हणाला.

सुनेने व्हीलचेअर थांबवली. अंगावर अजून बस चालवतानाचा गणवेश होता. ड्यूटी अर्ध्यावर टाकून ती सासूला हॉस्पिटलातून घेऊन आली होती.

"मागची लिफ्ट बंद आहे. आईंच्या खुब्याचं ऑपरेशन झालंय. सहा मजले चढणार कशा त्या?"

हे त्यालाही दिसत होतं. जुनी गोदी पाडून नदीकाठी ही वसाहत उभी राहिली, तेव्हा नदीकडे तोंड करून काचेचा टॉवर बांधला आणि त्याच्या पाठीला चिकटून गोदीतल्या जुन्या कुटुंबांसाठी एक इमारत. टॉवरला चकचकीत लॉबी. मागच्यांना कचऱ्याच्या डब्यांशेजारचं लोखंडी दार. दोन्ही इमारतींच्या मधे प्रत्येक मजल्यावर एक दार होतं, पण कायम कुलपात.

"तुमच्या लिफ्टने वर सोडा आणि सहाव्यावरचं मधलं दार उघडा. एवढंच म्हणतेय."

त्याने मॅनेजरबाईंना बोलावलं. त्या अगदी गोड बोलल्या. "आजींना त्रास व्हावा असं कुणाला वाटेल का? पण आज तुम्हाला सोडलं तर उद्या सगळेच येतील."

"येऊ देत की," सासू म्हणाली.

मॅनेजरबाई कसनुसं हसल्या आणि 'वर विचारते' म्हणून फोन घेऊन कोपऱ्यात गेल्या.

सून खाली वाकली. "आई, इमारतीतल्या चौघांना बोलावते. खुर्चीसकट उचलून नेतील जिन्याने."

"मी काय कपाट आहे? मला त्या काचेपाशी ने आधी."

काचेपलीकडे नदी होती. दुपारच्या उन्हात नुसती लखलखत होती. सासूचं सगळं आयुष्य या काठावर गेलं, पण नव्या घराच्या खिडकीतून तिला दिसायचे ते टॉवरच्या पाठीवरचे पाइप. ती नदीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "शिंपीणबाईला फोन लाव. सांग, मी घरी आलेय."

"घरी कुठे, आई?"

"पत्ता तोच आहे ना आपला?"

शेजारची शिंपीणबाई गळ्यातली टेपही न काढता आली, ती थेट समोरच्या दारातून. सिक्युरिटीवाल्याने कुठे म्हणून विचारलं. "पेशंटला भेटायला," ती म्हणाली आणि पांढऱ्या सोफ्यावर ऐसपैस बसली. भेटायला येणाऱ्यांसाठीच तो सोफा होता, त्यामुळे त्याला काही बोलता येईना. पाठोपाठ गोदीतले क्रेनवाले आजोबा आले, काठी टेकत. मग बेकरीत कामाला जाणाऱ्या दोघी बहिणी. चौथ्या मजल्यावरची जुळ्यांची आई दोन्ही पोरं काखेत मारून आली. कुणी थर्मासमधून सूप आणलं, कुणी उशी.

सासू रंगात आली. डॉक्टर कसा पोरगेला होता, खुब्यात केवढा स्क्रू घातलाय, शेजारच्या खाटेवरची बाई झोपेत कुणाला शिव्या घालायची, सगळं साग्रसंगीत झालं. टॉवरमधला एक कुत्रेवाला गृहस्थ लिफ्टची वाट बघत उभा होता. लिफ्ट आली, गेली, तरी तो ऐकतच राहिला.

कोपऱ्यात मॅनेजरबाई फोनवर हळू आवाजात सांगत होत्या, "नाही सर, भांडत कुणीच नाहीये. भेटायला आलेत... हो, सगळे. आणखी येतायत... हसतायत, सर."

थोड्या वेळाने त्या किल्ल्यांचा जुडगा घेऊन आल्या. "चला आजी."

"आणि हे?" सासूने सगळ्यांकडे हात केला. "पेशंटला दारापर्यंत पोचवायला नको?"

लिफ्टला चार फेऱ्या माराव्या लागल्या. सहाव्या मजल्यावर मॅनेजरबाईंनी कुलूप काढलं, पण दार हलेना. ते कधी उघडलंच नव्हतं. सुनेने खुर्चीचा ब्रेक लावला, खांदा दाराला टेकवला आणि सगळा जोर लावला. दार करकरत उघडलं.

नदीवरचा वारा टॉवरच्या मोठ्या खिडकीतून आत शिरला आणि मागच्या इमारतीच्या अंधाऱ्या बोळात पार शेवटपर्यंत घुसला. पायपुसणी उडाली. कुणाच्या तरी स्वयंपाकघरात भांडं पडलं. एकेक दार उघडायला लागलं आणि डोळ्यांवर हात धरून माणसं उजेडात बाहेर आली.

सुनेने खुर्ची उंबऱ्यावरून पलीकडे नेली. सासूने मान ताठ केली होती. कुणीतरी टाळी वाजवली आणि मग सगळा बोळ वाजवायला लागला.

मॅनेजरबाई कुलूप हातात धरून टाळ्या थांबायची वाट बघत होत्या. "आता लावून घेते हं मी."

क्रेनवाले आजोबा त्याच मजल्यावरच्या आपल्या घरात गेले, जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची ओढत आणली, बरोबर उंबऱ्यात मांडली आणि नदीकडे तोंड करून बसले.

मॅनेजरबाई त्यांना काही म्हणणार, तोच मागून शिंपीणबाईचा आवाज आला, "जरा सरका हो बाई." ती स्टूल घेऊन येत होती. तिच्यामागे दोघी बहिणी बाकडं उचलून आणत होत्या.