मधे बसा

"वजन किती तुमचा?" होड्यांची इंजिनं दुरुस्त करणाऱ्या इनासने विचारलं. मी पंच्याण्णव म्हणालो. शेजारी उभ्या बायकोने शांतपणे सांगितलं, "एकशे अठरा."

देवबागच्या खाडीत त्याच्या विकायच्या दोन वापरलेल्या जेट स्की तरंगत होत्या, दोन्ही उभ्याने चालवायच्या. माझा डोळा त्यातल्या लाल, सडपातळ स्कीवर होता. इनासने मासळी तोलायच्या वजनकाट्यावर एकशे अठरा किलो वाळू मोजली आणि गोण्यांत भरून तिच्यावर ठेवली. लाल स्की हँडलपर्यंत बुडाली. मग त्याच गोण्या ओरखडे पडलेल्या रुंद निळ्या स्कीवर चढवल्या. ती दबली, पण नाक वर धरून राहिली.

"हीच घेवा. जुनी आसा म्हणान स्वस्त पण आसा."

मी तिच्यावर चढलो आणि सवयीने बरोब्बर मध्यभागी बसलो. लहानपणापासून प्रत्येक नावाडी मला हेच सांगत आला होता, मधे बसा, हलू नका. स्की उलटली. पुन्हा बसलो, पुन्हा उलटली.

"बसू नकात," इनास किनाऱ्यावरून ओरडला. "आधी आडवे पडा, वेग येव दे, मगे उभे रवा."

पालथा पडून मी थ्रॉटल दाबला. पाणी पोटाला चापट्या मारत सुटलं. वेग आल्यावर गुडघ्यांवर आलो आणि मग उभा राहिलो.

समोरून पर्यटकांची होडी येत होती. तिच्या मधोमध माझ्याच मापाची एक बाई अंग चोरून बसली होती. मला बघून ती हात हलवायला कडेला सरकली, तशी होडी कलली. नावाडी ओरडला.

ती काही मधे गेली नाही.