पाचव्या नंबरची पाहुणी

सांघिक बॅडमिंटनमध्ये पाच सामने असतात, पण एका संघाने तीन जिंकले की उरलेले खेळवतच नाहीत. तिचा नंबर पाचवा, त्यामुळे ती देशोदेशी जाऊन घाम फुटेपर्यंत वॉर्मअप करायची आणि न खेळताच परतायची. संघातल्या पोरी तिला 'पाहुणी' म्हणायच्या.

शेवटी भांडभांडून तिने हा नियम बदलायला पाच जणांची समिती नेमायला लावली. खेळाडूंच्या वतीने पाचव्या खुर्चीत स्वतः बसली.

"पाचही सामने खेळवा. आम्ही काय पिशव्या सांभाळायला येतो?" ती कडाडली.

मतदान सुरू झालं. पहिले तिघे ओळीने "नको" म्हणाले. तिने हात वर केला.



"बसा ताई," अध्यक्ष म्हणाले, "तीन झाली, निकाल लागला. उरलेली मतं आपण घेत नाही."