एकेचाळीस वाण

"एवढे सगळे?" लामाच्या लोकरी पाठीवरची पोती चाचपत तोमासानं विचारलं.

"एकेचाळीस वाण," मेल्चोर धापा टाकत म्हणाला. "माझ्या बापाच्या वेळी शंभरावर होते."

पहाटे निघालेला मेल्चोर खिंड ओलांडून पोचला तेव्हा दुपार कलली होती. बायको जाऊन तीन वर्षं झाली होती. दूर लीमा शहरात राहणारी मुलगी आता त्याला कायमचं बोलावत होती. त्याच्या गावात बटाट्याचं बेणं सांभाळायला कुणी उरलं नव्हतं. अर्ध्या घरांना कुलपं होती. साऱ्या डोंगरात आता जुने वाण लावणारी एकटी तोमासा उरली होती, त्याच्या बायकोची चुलतबहीण.

"आधी खाऊन घ्या, दाजी. नाहीतर ताई वरून शिव्या घालेल मला."

उकडलेले बटाटे आणि मिरचीचा ठेचा खाऊन झाल्यावर त्यानं घोंगडीवर बेणं मांडलं. काळं, जांभळं, लाल, बोटासारखं लांबुडकं.

"हा सुनेला रडवणारा," एक खाचाखोचांचा बटाटा उचलून तो म्हणाला. "सोलता सोलता पोरी मेटाकुटीला येतात."

"मला सांगताय? पहिल्याच दिवशी सासूनं टोपलीभर दिले होते. एक सोलला, बाकीचे लामाला घातले!"

दोघं हसली. मग तो एकेक वाण हातात घेऊन सांगत गेला: कोणता थंडी सोसतो, कोणता उशिरा काढायचा, कोणता बाळंतिणीला द्यायचा. तोमासा मान डोलवत होती.

"करपा इथवर आलाय का गं?"

"येतोच आहे. दरवर्षी शेत जरा वर सरकवायचं."

"माझं तर वर सरकता सरकता डोंगरच संपला. तुझ्याकडं जागा आहे ना अजून?"

"आहे हो."

"एक वर्ष जरी लावलं नाही तरी बेणं कुजतं, तोमासा."

तिनं हातातला बटाटा उगाच शालीच्या टोकाला पुसला. "लावीन. तुम्ही निर्धास्त जा. निघणार कधी?"

"रविवारच्या बसनं."

"रविवारी," ती म्हणाली. मग घोंगडीची टोकं गोळा करत, "लामा मात्र परत न्या. चारा नाही माझ्याकडं."

दुसऱ्या सकाळी तो निघाला तेव्हा तिनं त्याचे दोन्ही हात धरले आणि बराच वेळ सोडले नाहीत. खिंडीत पोचल्यावर त्यानं वळून पाहिलं. तिच्या घरातून धूर निघत होता. कित्येक महिन्यांनी त्याला हलकं वाटलं.

घरी बेण्याचा कोपरा रिकामा होता. तिथं नजर गेली की त्याला बसवेना. दुसऱ्या दिवशी त्यानं लामा विकला. रविवारपर्यंत थांबून करायचं तरी काय? गुरुवारीच तो गाठोडं घेऊन खाली सडकेवर आला.

बस खिंडीपलीकडच्या गावांवरून येत होती. बरीच भरलेली होती.

"लीमा, एक," तो कंडक्टरला म्हणाला.

"परतीचं?"

"नको."

"आज कुणालाच परतीचं नकोय," तिकीट फाडत कंडक्टर म्हणाला. "जा मागं, त्या बाईंच्या शेजारी जागा आहे."

शेवटच्या बाकावर, गाठोडं छातीशी धरून, टोपी डोळ्यांवर ओढून तोमासा बसली होती.