पाचवा उद्गार

आबासाहेबांनी पाण्यानं काठोकाठ भरलेला काचेचा पेला व्यासपीठावर ठेवला, तशी चर्चमधली अख्खी मंडळी सावरून बसली. उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे, दुपारचे दोन वाजून गेलेले. वधस्तंभावरच्या प्रभूचे सात उद्गार, त्यावर बोलणारे सात जण. त्यातला पाचवा, "मला तहान लागली आहे," हा बावीस वर्षं आबासाहेबांचाच. पेला समोर ठेवायचा, घसा कोरडा पडेस्तोवर बोलायचं, पण थेंबाला शिवायचं नाही. नेवाशाकडची चार गावं त्या पेल्याचं कौतुक करत.

वर पत्रे, बाहेर एप्रिलचं ऊन, आणि तीनपर्यंत सगळ्यांना कडक उपास. ऐंशीच्या चांगुणाबाई शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून बसल्या होत्या. कालपासून पोट बिघडलेलं. सून इंदू गाणाऱ्या बायकांत पुढं होती, पण तिचा सगळा जीव मागं. सकाळीच ती म्हणाली होती, "आत्याबाई, औंदा उपास ऱ्हाऊ द्या. घोटभर पानी तरी घ्या." म्हातारी हसली होती. "तीनला पिते की गं."

"प्रभूला आंब दिली, आंबलेला द्राक्षारस!" आबासाहेबांचा आवाज चढला. "साधं पाणी घेऊन एक माणूस पुढं आला नाही! अरे, त्या ठिकाणी आपण असतो तर?"

"तान लागली..." मागून आवाज आला. बारीक, पण सगळ्यांना ऐकू गेला.

"आमेन!" मंडळी म्हणाली.

आबासाहेबांचे डोळे भरून आले. इतक्या वर्षांत त्यांच्या बोलण्याला अशी साक्ष कुणी दिली नव्हती. "ऐका," ते म्हणाले, "आपल्यातली एक माउली आज प्रभूबरोबर तहानेली झाली आहे!"

"लई तान लागली गं, इंदे."

पुन्हा आमेन झालं. कुणाच्या तरी डोळ्याला पदरही लागला. इंदू मात्र उठली. हातपंप पार रस्त्यापलीकडं, पेला तीन पावलांवर. तिनं पेल्याला हात घातला आणि त्या हातावर आबासाहेबांचा हात पडला.

"हा प्यायचा पेला न्हाई, पोरी," ते हळूच म्हणाले.

"आत्याबाईंना तान लागलीय, आबा. खरीच लागलीय."

"समद्यांनाच लागलीय. आता वाजतीलच की तीन."

शेजारच्या बाईनं तिचा पदर ओढला. "बस की गं खाली! उद्गार चाललाय." आणि काय सांगायचं, इंदू बसली. चार गावची माणसं बघत होती. तोंड लपवायला जागा नव्हती, म्हणून बसली.

मागून पुन्हा आवाज आला नाही. चांगुणाबाईंची मान छातीवर आलेली पाहून मागच्या रांगेत त्यांच्याजवळ बसलेल्या बाईला वाटलं, म्हातारी प्रार्थनेत आहे. तिनं आपल्या मांडीवरच्या नातवाला गप्प केलं. सहावा उद्गार झाला, सातवा झाला. शेवटचं गीत इंदूनं अर्ध्यात सोडलं आणि ती बाकांमधून धावत सुटली.

बाहेर तीनची घंटा वाजू लागली. लोक उठले, मागं वळले, आणि जागीच थबकले. इंदू खाली फरशीवर बसली होती. म्हातारीचं डोकं मांडीवर घेऊन तिचं उघडं राहिलेलं तोंड तळहातानं मिटवत होती. ते पुन्हा पुन्हा उघडत होतं.

आबासाहेब गर्दीतून वाट काढत आले. दोन्ही हातांत पेला, तसाच काठोकाठ. एक थेंब सांडू दिला नव्हता त्यांनी.

"घे, इंदू," ते म्हणाले, "पाज आता त्यांना. तीन वाजले."