राहत्या माणसाचा परवाना

तपासनीसाने दात घासायच्या ब्रशला बोट लावलं. ओला होता. टॉवेलही ओला. साबण झिजलेला. "मुलगा आत्ताच कामावर गेला," दाराशी उभी असलेली म्हातारी म्हणाली. तो आल्यापासून हे तिने तिसऱ्यांदा सांगितलं होतं.

गल्लीत रस्त्यावर गाडी लावायचा परवाना फक्त गल्लीत राहणाऱ्यालाच मिळायचा. राहणारा म्हणजे रात्री तिथे झोपणारा, असं नियमात स्पष्ट लिहिलं होतं. पण जागा थोडी आणि गाड्या उदंड. त्यामुळे काकाच्या, मावशीच्या, अगदी वारलेल्या आजोबांच्या पत्त्यावर परवाने काढणारे महाभाग काही कमी नव्हते. त्यांना हुडकून काढण्यात तपासनीसाची बावीस वर्षं गेली होती. कागद काय, कोणीही आणून देतं. म्हणून तो आधी न्हाणीघर गाठायचा. या घराबद्दल खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याने लेखी तक्रार केली होती की मुलगा इथे राहतच नाही.

मुलाच्या खोलीत चादर चुरगळलेली होती. उशीला खळगा पडला होता. खुर्चीवर शर्ट टाकलेला. सगळं कसं जिथल्या तिथे विस्कटलेलं. तपासनीस वाकला आणि त्याने पलंगाखालच्या सपाता काढून उलट्या केल्या. दोन्हींच्या तळाला दुकानाची चिठ्ठी अजून चिकटलेली होती.

"मावशी," तो म्हणाला, "या सपाता घालून कोणी एक पाऊलसुद्धा चाललेलं नाही."

म्हातारी पलंगाच्या कडेवर बसली. पकडले गेले की लोक आवाज चढवतात, वरच्या ओळखी सांगतात, रडतात. तिने यातलं काहीच केलं नाही. खालमानेने सगळं सांगून टाकलं. मुलगा बायकोमुलांबरोबर शहराच्या दुसऱ्या टोकाला राहतो. त्याचं ऑफिस मात्र मागच्याच रस्त्यावर आहे. सकाळी पावणेनऊला तो गाडी इथे खिडकीखाली लावतो आणि संध्याकाळी सहाला काढतो. तपासनीस कधी टपकेल याचा नेम नाही, म्हणून ती रोज उठून ब्रश ओला करते, टॉवेल भिजवते, उशीवर मूठ दाबते. तीन वर्षं झाली, एक दिवस चुकवलेला नाही.

मुलगा वर येतो का, तपासनीसाने विचारलं. घाईत असतो हो, ती म्हणाली. शेवटचा आला होता तो परवान्याच्या अर्जावर तिची सही घ्यायला.

"पण दिवसातून दोनदा दिसतो," ती म्हणाली. "परवाना गेला, की तो गाडी दुसरीकडे लावेल."

तपासनीसाच्या हातात असतं तर तक्रारीचा कागद तसाच पिशवीत टाकून तो जिना उतरला असता. पण लेखी तक्रार म्हटली की अर्जदाराचा फोनवर जबाब घ्यावाच लागायचा. आपण त्याच्या घरातूनच बोलतोय हे त्याला कळू द्यायचं नाही, आणि घरातल्या माणसाने मध्ये बोलायचं नाही. त्याने तिला गप्प राहायची खूण केली, फोन स्पीकरवर टाकला आणि परवाना कचेरीतून बोलतोय म्हणून सांगितलं. या पत्त्यावर आपण राहता का?

"राहतो म्हणजे? आईजवळच राहतो. तिला एकटीला कसं सोडणार?"

मुलाची जीभ जराही अडखळली नाही. जेवण रोज एकत्रच होतं, म्हणाला. भांडी तोच घासतो, आईला हात लावू देत नाही. विचारलं नव्हतं तेही तो सांगत सुटला. कालसुद्धा जेवणं झाल्यावर दोघं कितीतरी वेळ बोलत बसले होते म्हणे.

तपासनीसाचं डोकं सणकलं. बावीस वर्षांत त्याने ढिगाने थापा ऐकल्या होत्या, पण ही त्याला ऐकवेना, आणि तीही तिच्यासमोर. म्हातारीकडे बघायचा धीर होत नव्हता. परवाना रद्द करायला एवढा खोटा जबाब पुरेसा होता. फोन बंद करायला त्याने बोट पुढे नेलं.

म्हातारीने त्याचं मनगट धरलं. ती रागावलेली नव्हती. मघापासून सरकत सरकत ती फोनच्या अगदी जवळ येऊन बसली होती.

"ठेवू नका," ती कुजबुजली. "काय बोललो आम्ही, ते विचारा ना त्याला."